कोमला डुमोर आपल्याकडे जन्मला असता तर जन्मभर ट्रॅफिकच सांगत बसला असता

आज १८ जानेवारी २०२४. बरोब्बर दहा वर्षांपूर्वी लंडनमध्ये राहत्या घरी हार्ट अटॅकने एक माणूस गेला. वय ४१. नाव कोमला डुमोर. देश घाना, पश्चिम आफ्रिका. बीबीसी वर्ल्डवर बातम्या द्यायचा.

सकाळी त्याचा फोटो स्टेटसला ठेवला. दुपारपर्यंत तिघांचे मेसेज, "कोण रे हा? क्रिकेटर का?" एक जुना मित्र तर सरळ म्हणाला, "गावात पाणी नाही, रस्त्याला खड्डे, आणि तू घानाच्या माणसाचं सुतक पाळतोस?"

मित्रा, तुझ्या पाण्याचा आणि खड्ड्याचाच संबंध आहे याच्याशी. कसा ते सांगतो. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बस.

आधी माणूस. जन्म ३ ऑक्टोबर १९७२, अक्रा, म्हणजे घानाची राजधानी. तो दिवस मंगळवार. एवे भाषेत मंगळवारी जन्मलेल्या मुलाला कोमला म्हणतात. आपल्याकडे खेड्यापाड्यात सोम्या, मंगळ्या, बुध्या अशी नावं ठेवायचे ना, तसंच. वडील समाजशास्त्राचे प्राध्यापक. आजोबा फिलिप ग्बेहो म्हणजे घानाच्या राष्ट्रगीताला चाल देणारे संगीतकार. घर शिकलेलं. पोरगा आधी डॉक्टर व्हायला नायजेरियात जोस विद्यापीठात गेला, ती वाट सोडली, घाना विद्यापीठातून समाजशास्त्र आणि मानसशास्त्र घेऊन पदवीधर झाला. पुढे हार्वर्डला जाऊन सार्वजनिक प्रशासनातही पदव्युत्तर पदवी घेतली. (माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा. पण त्याला अहो-जाहो करवत नाही, इतका तो पडद्यावरून घरातला वाटायचा.)

नोकरी कुठे लागली? जॉय एफएम नावाच्या अक्रातल्या खाजगी रेडिओवर. काम काय? ट्रॅफिक सांगायचं. कुठे जाम आहे, कुठला रस्ता धरा. सुरुवात एवढीच. त्यानंतर तो त्याच स्टेशनच्या सकाळच्या मोठ्या कार्यक्रमाचा निवेदक झाला. आणि सकाळचा कार्यक्रम म्हणजे आपल्याकडे असतो तसला नव्हे. दोन गाणी, एक फालतू जोक, एक सोन्याच्या दुकानाची जाहिरात, परत दोन गाणी, असला नव्हे. घानात सकाळी रेडिओवर आजचे पेपर वाचले जातात, त्यावर चर्चा होते, मंत्र्याला फोन लावला जातो, अधिकाऱ्याला जाब विचारला जातो, आणि टॅक्सीत, दुकानात, बाजारात बसलेला माणूस स्वतः फोन करून बोलतो. कोमलाने हे काही वर्षं रोज केलं. २००३ साली तिथल्या पत्रकार संघटनेने त्याला वर्षातला सर्वोत्तम पत्रकार ठरवलं. बीबीसीत गेला तो त्यानंतर. तेव्हा बीबीसीने त्याला मोठं केलं असं जे म्हणतात त्यांनी तारखा बघाव्यात. मोठा तो घरीच झाला होता.

आता हे जॉय एफएम आकाशातून पडलं का? नाही. १९८१ च्या ३१ डिसेंबरला घानात जेरी रॉलिंग्ज यांनी सत्ता घेतली, लष्करी राजवट आली. वर्तमानपत्राला परवाना, रेडिओ फक्त सरकारी. लोक गप्प. इतके गप्प, की त्या काळाला तिथले लोक आजही गप्प राहण्याचा काळ म्हणूनच ओळखतात. १९९२ ला नवी राज्यघटना आली, तिच्यात माध्यमस्वातंत्र्य स्पष्ट शब्दांत लिहिलं. पण लिहिलं म्हणून मिळतं थोडंच. रेडिओची फ्रिक्वेन्सी द्यायला सरकार तयार होईना. मग १९९४ च्या शेवटी अक्रात काही लोकांनी रेडिओ आय नावाचं स्टेशन परवान्याशिवायच सुरू केलं. पोलिसांनी धाड टाकली, यंत्रं उचलून नेली. लोक रस्त्यावर आले. आणि १९९५ ला सरकारला खाजगी स्टेशनं द्यावी लागली. त्यातलं अगदी पहिल्यातलं एक म्हणजे जॉय.

पुढची गंमत ऐका. डिसेंबर २००० ची निवडणूक. या छोट्या छोट्या रेडिओंनी मतदान केंद्रांवर माणसं पाठवली, हातात मोबाइल. केंद्रावर मोजणी झाली की आकडा थेट हवेत. राजधानीत बसून कोणाला आकडे फिरवायचे असतील तर फिरवणार कधी? सगळ्या देशाने आधीच ऐकलेले. सत्तेतला पक्ष हरला, कुफुओर राष्ट्राध्यक्ष झाले, आणि घानात पहिल्यांदा मतपेटीतून शांतपणे सत्ताबदल झाला. २००१ मध्ये नव्या सरकारने फौजदारी बदनामीचा कायदाच रद्द केला. म्हणजे बातमी लिहिली म्हणून पत्रकाराला त्या कलमाखाली तुरुंगात घालता येणार नाही. कोमला डुमोर या सगळ्याच्या मधोमध माईकसमोर बसून तयार झालेला माणूस आहे.

आता आपल्याकडे या.

त्याच १९९५ साली, ९ फेब्रुवारीला, आपल्या सुप्रीम कोर्टाने एक निकाल दिला. भांडण क्रिकेटच्या सामन्यांच्या प्रक्षेपणाचं होतं, बंगालची क्रिकेट संघटना विरुद्ध माहिती व नभोवाणी मंत्रालय. पण कोर्टाने मूळ प्रश्नालाच हात घातला. हवेतल्या लहरी सरकारच्या मालकीच्या नाहीत, त्या जनतेच्या आहेत, असा तो निकाल. लिहिणाऱ्यांमध्ये आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. आम्हाला पत्रकारितेच्या पदविकेला हा निकाल शिकवला होता, मी पाठ करून पेपरात लिहिला होता, चांगले मार्क मिळाले होते. मार्क मिळाले, लहरी काही मिळाल्या नाहीत.

२००१ ला खाजगी एफएम आलं. आज २०२४ आहे. आजही भारतात खाजगी एफएमला स्वतःची बातमी देता येत नाही. विश्वास बसत नसेल तर आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणचं कुठलंही एफएम लावा आणि दिवसभर ऐका. आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं, शब्दही न बदलता लावायची परवानगी २०११ च्या धोरणात दिलीय. त्याच धोरणात "या गोष्टी बातमी धरल्या जाणार नाहीत" म्हणून एक यादी आहे, म्हणजे एवढं बोलायला हरकत नाही. त्यात हवामान आहे, परीक्षांचे निकाल आणि प्रवेश आहेत, सण-उत्सव आहेत, वीज-पाण्यासंबंधीच्या सूचना आहेत, त्याही स्थानिक प्रशासनाने दिलेल्या.

आणि ट्रॅफिक आहे.

म्हणून शीर्षक तसं दिलंय. कोमला डुमोर आपल्याकडे असता तर ट्रॅफिक सांगण्यापर्यंत पोचला असता. तिथून पुढची पायरी कायद्यानेच नाही. "शिवाजी चौकात कोंडी आहे" हे तो बोलू शकला असता. "शिवाजी चौकातला पूल चार वर्षं अर्धवट का पडलाय, कंत्राटदार कोण, बिल कोणी काढलं" हे विचारलं की झाली बातमी, आणि स्टेशनचं लायसन धोक्यात.

हे मी हवेतलं बोलत नाही. आमच्या जिल्ह्याच्या गावी एका खाजगी एफएमवर (नाव लिहीत नाही, त्यांचीही पोटं आहेत) माझा एक मित्र सकाळचा कार्यक्रम करायचा. काय आवाज होता राव त्याचा! रिक्षावाले त्याला आवाजावरून ओळखायचे. एका उन्हाळ्यात नवव्या दिवशी नळाला पाणी येत होतं. पालिकेकडून रोज चिठ्ठी यायची, "अमुक भागात अमुक वाजता पाणी सोडण्यात येईल", तो वाचायचा. एक दिवस चिठ्ठी वाचून झाल्यावर त्याच्या तोंडून निघून गेलं, "नववा दिवस, मंडळी. बाकीचे आठ दिवस कुठे जातं हो पाणी?" बस. एवढंच. संध्याकाळी त्याला बोलावून घेतलं, समज दिली. सहा महिन्यांत त्याने नोकरी सोडली. आता मोबाइल रिचार्ज आणि कव्हरचं दुकान आहे.

सरकारचं म्हणणं काय? हे प्रकरण स्वयंसेवी संस्थेने सुप्रीम कोर्टात नेलं होतं. तेव्हा सरकारतर्फे सांगण्यात आलं की एवढ्या स्टेशनांवर देखरेख ठेवायला यंत्रणा नाही, सुरक्षेला धोका होऊ शकतो. मला सांगा, रात्री नऊ वाजता टीव्हीवर सात जण एकाच वेळी किंचाळतात, जातीधर्मावरून रोज आग लावली जाते, त्याने सुरक्षेला धोका नाही. व्हॉट्सअॅपवर काय फिरतं ते तुम्हाला माहीत आहे, त्याने धोका नाही. आणि जिल्ह्याच्या एफएमवर एका पोराने पाण्याचं विचारलं तर देशाची सुरक्षा धोक्यात? ट्रायने म्हणजे दूरसंचार नियामकाने गेल्या सप्टेंबरात शिफारस केली की खाजगी एफएमला तासाला दहा मिनिटं बातम्यांची मुभा द्या. दहा मिनिटं! तीही अजून कागदावर.

कोणी म्हणेल, आता रेडिओ ऐकतं कोण? पंतप्रधान दर महिन्याला रेडिओवरून बोलतात. म्हणजे रेडिओ ऐकला जातो हे सरकारलाही मान्य आहे. फक्त एका बाजूने बोलायचं, समोरून कोणी विचारायचं नाही. आकाशवाणीवर माझा राग नाही, हे इथेच सांगून टाकतो. प्रादेशिक बातम्या मी आजही ऐकतो, आणि त्यांची भाषा आमच्या पेपरांपेक्षा पुष्कळ शुद्ध असते. पण आकाशवाणी सरकारच्या पैशावर चालते. तिच्याकडून सरकारलाच जाब विचारायची अपेक्षा धरणं त्या बिचाऱ्यांवरही अन्याय आहे.

तिकडे सगळं गोडगोड आहे असंही समजू नका. घानाच्या रेडिओवर फोन करणाऱ्यांत पक्षांची ठेवलेली माणसं असतात. रोज तेच आवाज, रोज तीच बाजू. आपल्या आयटी सेलचे थोरले भाऊ म्हणा. १६ जानेवारी २०१९ ला अक्रात अहमद हुसेन-सुआले या शोधपत्रकाराला गोळ्या घातल्या. त्याआधी एका खासदाराने टीव्हीवर त्याचा फोटो दाखवून लोकांना चिथावलं होतं. आपल्याकडे गेल्या वर्षी फेब्रुवारीत राजापूरला शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीवर गाडी घातली, ते गेले. बातमी लिहिली त्याच दिवशी. म्हणजे मारणारे दोन्हीकडे आहेत. माध्यमस्वातंत्र्याच्या जागतिक यादीत २०२३ मध्ये घाना ६२ वा, आपण १६१ वे. यादी कशी बनवतात यावर वाद घाला, जरूर घाला. पण शंभराच्या आसपास पायऱ्यांचा फरक नुसत्या वादाने भरून निघत नाही.

आता परत कोमलाकडे. २००७ च्या सुमाराला तो बीबीसीच्या आफ्रिका सेवेत रेडिओवर गेला. २००९ मध्ये आफ्रिका बिझनेस रिपोर्ट सुरू झाला, त्याचा पहिला निवेदक तोच. जून २०१२ मध्ये फोकस ऑन आफ्रिका हा जुना रेडिओ कार्यक्रम टीव्हीवर आला, तिथेही पहिला चेहरा त्याचाच. मी त्याला बघायला लागलो ते तेव्हा. रात्री पानं लावून घरी यायचो, जेवण झाकून ठेवलेलं असायचं, आणि आमच्या केबलवाल्याच्या कृपेने बीबीसी लागायचं. इंग्रजी मला सगळं कळायचं असं नाही. पण हा धिप्पाड माणूस, भरदार आवाज, मधेच खळखळून हसणारा, समोरच्याला बोलू द्यायचा. पूर्ण बोलू द्यायचा. आणि मग तोच प्रश्न परत विचारायचा. मला वाटायचं, अरे हा तर आमच्यासारखा आहे, तहसील कचेरीत उभा राहून शिकलेला. स्टुडिओत जन्मलेला नव्हे. तेव्हा त्याच्या रेडिओच्या दिवसांविषयी मला काही माहीत नव्हतं. नंतर वाचलं तेव्हा कळलं की माझा अंदाज फार चुकला नव्हता.

डिसेंबर २०१३ ला मंडेला गेले तेव्हा बीबीसीच्या वार्तांकनात तो होता. त्याच वर्षी लंडनला एका व्याख्यानात त्याने आफ्रिकेची गोष्ट कशी सांगावी यावर बोललं होतं. मुद्दा साधा. आफ्रिकेत युद्ध, भूक, रोगराई नाही असं कोणी म्हणत नाही. पण तेवढंच नाही. बाजार आहे, विद्यापीठं आहेत, मोबाइलवरून पैसे पाठवणारी बाई आहे, घोटाळा आहे, घोटाळा उघडा पाडणाराही आहे. हे सगळं सांगा. मराठवाड्यातल्या, विदर्भातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. आपल्या गावाचं नाव मुंबईच्या चॅनलवर कधी येतं? शेतकऱ्याने गळफास घेतला की, नाहीतर टँकरवर बायका भांडल्या की. बाकीचे दिवस आपण जगतच नसतो.

आणि आफ्रिकेचं म्हणाल तर आपण दुसऱ्याला नावं ठेवायच्या लायकीचे नाही. कोमला गेला त्याच आठवड्यात, १५ जानेवारीच्या रात्री, दिल्लीत खिडकी एक्स्टेंशन भागात तेव्हाचे कायदामंत्री कार्यकर्ते घेऊन आफ्रिकन बायकांच्या घरी मध्यरात्री गेले. वेश्याव्यवसाय आणि ड्रग्जचा आरोप. पुढे कित्येक दिवस चॅनलवर तेच. मुख्यमंत्री पोलिसांविरुद्ध धरण्यावर बसले ते तेवढं सगळ्यांच्या लक्षात आहे. त्या बायका कोण होत्या, कशासाठी भारतात आल्या होत्या, हे विचारायला किती अँकर गेले? आफ्रिकेतून बातमी देणारा एक मोठा पत्रकार त्याच आठवड्यात गेला ही बातमी आपल्याकडे किती जणांनी दिली? मी ज्या पेपरसाठी तेव्हा लिहायचो, तिथे दहा ओळी पाठवल्या होत्या. डेस्कवरून फोन आला, "जिल्ह्याचं काही आहे का?"

घानाने मात्र त्याला राजासारखा निरोप दिला. राष्ट्राध्यक्ष महामा यांनी देशाने आपला एक उत्तम राजदूत गमावला असं म्हटलं. फेब्रुवारीत अक्रात अंत्यविधी झाला. मागे बायको, तीन लेकरं. रेडिओच्या दिवसांपासून लोक त्याला बॉस प्लेयर म्हणायचे, शेवटपर्यंत तेच म्हणत राहिले.

४१ वर्षं. मी आता ४४ चा आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्याही छातीत दुखलं होतं, डॉक्टर म्हणाले झोप काढा. तालुका पत्रकाराने झोप कधी काढायची ते नाही सांगितलं. ते जाऊ द्या, तो वेगळा विषय आहे. आमच्या मानधनावर लिहायला बसलो तर ही पोस्ट संपायची नाही.

बीबीसीने २०१५ पासून त्याच्या नावाने पुरस्कार सुरू केला. आफ्रिकेत राहून काम करणाऱ्या पत्रकाराला तीन महिने लंडनला नेतात. पहिला युगांडाच्या नॅन्सी काचुंगिरा यांना. २०१७ चा मिळाला अमिना युगुडा यांना. त्या कुठल्या? नायजेरियातल्या योलाच्या. लागोसच्या नाहीत, राजधानी अबुजाच्या नाहीत. ईशान्येचं एक गाव, बोको हरामच्या छायेतलं, तिथल्या गोटेल नावाच्या स्थानिक चॅनलवर त्या बातम्या द्यायच्या. म्हणजे समजा नंदुरबारच्या किंवा हिंगोलीच्या केबल चॅनलवरची मुलगी. तिच्याकडे माईक होता, आणि माईकवर बातमी बोलायची परवानगी होती, म्हणून ती तिथवर गेली. २०१९ चा पुरस्कार युगांडाच्या सॉलोमन सेरवांजांना. सरकारी दवाखान्यातली औषधं चोरून विकली जातात हे त्यांनी उघड केलं होतं. आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यात औषधं असतात का हे बघायला आपल्या गावात कोण जातं? मी जातो, आणखी एक-दोघं जातात. लिहितो. ज्याला वाचता येत नाही त्याच्यापर्यंत ते पोचत नाही. ती आजी रेडिओ ऐकते.

अक्राचा पीस एफएम अकान भाषेत चालतो, इंग्रजी न येणारा माणूस त्यावर सरकारशी भांडतो. इथे सातारा जिल्ह्यात म्हसवडला माणदेशी बायका स्वतःचा सामुदायिक रेडिओ चालवतात, माणदेशी बोलीत. फार चांगलं काम आहे. पण सामुदायिक रेडिओलाही बातमी बंद. शेळीच्या रोगावर बोलता येतं. शेळ्या वाटपाच्या योजनेत शेळ्या कोणाच्या गोठ्यात गेल्या हे बोलता येत नाही.

मित्रा, आता कळलं का, घानाच्या माणसाचं सुतक मी का पाळतो?

लोकसभा तोंडावर आहे. दोन-तीन महिन्यांत उमेदवार गल्लीत येतील, हात जोडतील. रस्त्याचं, पाण्याचं विचाराच. पण एक प्रश्न माझ्यातर्फे विचारा. ट्रायने तासाला दहा मिनिटं सुचवलीत, तुमचा पक्ष ती देणार की नाही? हो किंवा नाही. मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि मला पाठवा. कोणत्याही पक्षाचा असो, नावासकट छापतो.